तीस लाख नेमके केव्हा आले

कुठल्याही सत्कार्याच्या मुळाशी दया असते, असा एक समज आहे. मी अडतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत काढली, त्यामुळे माझ्यावर या समजाचा कधी परिणाम झाला नाही. सत्कार्याच्या मुळाशी बेरीज असते. दया किती झाली हे आकड्यात सांगता येत नसेल, तर ती झाली कशावरून, असं कोणीही विचारील, आणि विचारावंच.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेचा बिनपगारी सचिव झालो. ही संस्था जुन्या, मोडक्या चाकाच्या खुर्च्या गोळा करते, दुरुस्त करते आणि ज्यांना चालता येत नाही अशांना फुकट देते. तळमजल्यावर एक लांबट गाळा आहे. तिथे मिस्त्री एकटा खुर्च्या सोलतो, जोडतो, रंगवतो. ऑफिस आणि बैठकीची खोली वरच्या मजल्यावर आहे. वर जायला एकवीस पायऱ्या आहेत. (त्यामुळे ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांचा संस्थेच्या कामात व्यत्यय येत नाही.)

रस्त्यावरच्या दाराशी दोन वस्तू आहेत. एक पत्र्याची उंच पाटी. तिच्यावर थर्मामीटर रंगवलेला आहे, तळाशी शून्य, टोकाला चाळीस लाख, आणि वर्षभरात जसजसा निधी जमेल तसतसा रंगारी लाल रंग वर चढवत नेतो. दुसरी वस्तू म्हणजे एक लोखंडी डबा. त्याला फट आहे आणि कुलूप आहे. त्याच्याविषयी विशेष सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवारी सकाळी अकराला एका मोठ्या प्रतिष्ठानाचं पत्र आलं. संस्थेला तीस लाखांचं अनुदान मंजूर झालं होतं: तीन वर्षं, दरवर्षी दहा लाख. पहिला हप्ता कामाचा प्रगती-अहवाल पोचल्यावर मिळणार होता. (काम त्या हप्त्यातून करायचं होतं. पण अहवाल आधी लागणार होता, आणि त्यात मला तरी काही गैर दिसलं नाही.)

निधी जमवण्याचं काम आमच्या मॅडमकडे आहे. या अनुदानाचा चौसष्ट पानी अर्ज त्यांनी एकटीने लिहिला होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि थेट रंगाऱ्याला फोन केला. पाटी तेव्हा अकरा लाखांवर होती. अकरा आणि तीस एकेचाळीस. दुपारी एकपर्यंत रंगाऱ्याने टोकापर्यंत लाल करून वरचा एक लाख पत्र्यात मावेना म्हणून भिंतीवर काढला.

दीड वाजता आमचे हिशेबनीस जेवून परतले आणि पाटीसमोर थांबले.

"पैसे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"पत्र आलंय," मॅडम म्हणाल्या.

"पत्रं मलाही येतात. गेल्या आठवड्यात मला लॉटरी लागल्याचं आलं होतं."

तीन वाजता रंगारी पुन्हा शिडीवर होता, या वेळी खरवडणी घेऊन. चार वाजता अध्यक्ष आले. अध्यक्षांचा स्वभाव फार उमदा आहे. ते दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि दोन्ही बाजूंना तुमचंच बरोबर म्हणतात. त्यांनी तिथेच, जिन्यात उभं राहून, 'अनुदान-गणना उपसमिती' नेमली. सदस्य चार: अध्यक्ष, मॅडम, हिशेबनीस आणि नोंदी ठेवायला मी. उपसमितीचा निर्णय होईपर्यंत कुठलाही नवा खर्च करायचा नाही, असंही ठरलं. कारण किती आले हे माहीत नसताना खर्च करणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं.

उपसमितीच्या नऊ आठवड्यांत सात बैठका झाल्या. एकूण सव्वीस तास. पैकी एकोणीस तास 'केव्हा' या एकाच प्रश्नाला दिले गेले, आणि ते सत्कारणी लागले असं मी खात्रीने सांगू शकतो. अनुदान मिळालं असं केव्हा म्हणायचं? पत्र आल्यावर, की पैसे बँकेत पडल्यावर? की पैसे खर्च झाल्यावर, कारण खर्च न झालेलं अनुदान परत मागता येतं? मॅडमचं मत असं की, खरं पाहता ते अर्ज टाकला त्या दिवशीच धरायला हवं, कारण मेहनत तेव्हा झाली. हिशेबनीसांचं मत असं की, तीन वर्षांनी शेवटचा अहवाल मंजूर होऊन, त्यावर पुढे वर्षभर कोणी काही बोललं नाही, तर धरावं. या दोन मतांत चार वर्षांचं अंतर होतं. अध्यक्षांनी मधला मार्ग म्हणून दोन वर्षांनंतरचा एखादा बुधवार सुचवला.

मग दुसरा मुद्दा निघाला. अनुदान हे 'जमवलेलं' म्हणायचं का? घरोघर हिंडून आणलेले पाच आणि बसल्या जागी आलेले पाच लाख एकाच नळीत ओतायचे का?

"बसल्या जागी?" मॅडम म्हणाल्या. "चौसष्ट पानं, आणि परिशिष्टं वेगळी. माझी मान अजून डावीकडे वळत नाही."

मानेची नोंद मी इतिवृत्तात घेतली.

तिसरा मुद्दा मिस्त्रीने आणला. पाटी टोकापर्यंत लाल होती त्या दोन तासांत त्याने गाळ्यातून एक प्रकार पाहिला होता. रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन जाणारे एक गृहस्थ डब्यात एक नाणं टाकतात. त्या दिवशी त्यांनी नाणं काढलं, पाटीकडे पाहिलं, "झालं वाटतं यांचं," असं म्हणाले, नाणं खिशात घातलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा अकरावर आलेली पाहून त्यांनी दोन नाणी टाकली.

याचा अध्यक्षांवर फार खोल परिणाम झाला. वार्षिक सभेत त्यांचा फोटो पाटीशेजारी निघणार होता, त्यामुळे लाल रंग निदान त्यांच्या खांद्यापर्यंत तरी यावा अशी त्यांची इच्छा होती. "पण ताप उतरला असं लोकांना वाटता कामा नये," ते म्हणाले. "ताप चढलेला दिसावा, आणि आपण झुंजतोय असंही दिसावं." 'नाणं खिशात घालणारे गृहस्थ' हा विषय पुढच्या तीन बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायम राहिला.

मिस्त्रीचं स्वतःचंही एक म्हणणं होतं, पण ते विषयाला धरून नव्हतं. त्याच्याकडे नऊ खुर्च्या पूर्ण तयार होत्या. फक्त पुढची छोटी चाकं नव्हती. खुर्चीला दोन, म्हणजे अठरा. एक चाक दोनशे चाळीसला.

"तुम्ही मोजा कसंही," तो म्हणाला. "मला चाकं द्या. खाली एकेचाळीस नावांची यादी लागलीय."

त्याला समजावून सांगितलं की, चाकं हा खर्च आहे, आणि खर्च निर्णयानंतर. "बरं," म्हणून तो एकवीस पायऱ्या उतरून गेला. डबाही त्या काळात उघडला नव्हता. न उघडलेल्या डब्यातला पैसा मिळालेला समजायचा की मिळण्याजोगा, हा मुद्दा क्रमांक सतरा होता आणि आम्ही अजून सहाव्यावर होतो.

आता शिवणमावशींबद्दल सांगायला हवं. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान पुढे, घर मागे. खुर्च्यांच्या फाटक्या बैठका त्या जाड कापडात नव्याने शिवून द्यायच्या, फुकट. दोन वर्षांत शेहेचाळीस बैठका झाल्या होत्या. मिस्त्री चौकट खांद्यावर टाकून न्यायचा आणि आठवड्याने आणायचा, कागदपत्र काही नाही. मागच्या खोलीत त्यांची थोरली बहीण असते, तिला सगळे अक्का म्हणतात. चार महिन्यांपूर्वी अक्का पडल्या आणि पाय कायमचे गेले. मावशी त्यांना शिलाईच्या स्टुलावर बसवतात, स्टुलाच्या पायांना चिंध्या बांधतात आणि फरशीवरून सरकवत नेतात. दाराच्या उंबऱ्याशी स्टूल अडतं. यादीत अक्कांचा नंबर तिसरा होता.

"तिला बाहेर कशाला जायचंय, माहितीये?" मावशी एकदा मला म्हणाल्या. "कोपऱ्यावर बटणांचं दुकान आहे. चाळीस वर्षं बटणं तिनंच निवडलीत. आता मी आणते ना, तर प्रत्येक बटणाला नाक मुरडते. सुखाने शिवू देत नाही हो मला."

सातव्या बैठकीत धोरण मंजूर झालं. अकरा कलमं, तीन परिशिष्टं. अनेक वर्षांचं अनुदान 'जमवलेल्या' निधीत पत्राच्या दिवशी पूर्ण धरावं, 'मिळालेल्या' निधीत हप्त्याहप्त्याने, आणि 'खऱ्या' निधीत खर्च होईल तसं. यासाठी पाटीवर एकाऐवजी तीन थर्मामीटर काढण्यात आले. (येणारेजाणारे विचारू लागले की, घरात तिघंही आजारी आहेत का.) अनुदान आणि देणगी या वेगळ्या गोष्टी ठरल्या. आणि कलम सहा, ज्याच्यासाठी मी स्वतः आग्रह धरला होता: संस्थेला जे जे मिळतं ते ते मोजावं, मग तो पैसा असो, वस्तू असो की श्रम. न मोजलेलं देणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, असं एक वाक्यही मी त्यात घातलं होतं.

कलम सहानुसार मी खाली गेलो आणि मिस्त्रीला विचारून विचारून सगळं मोजलं. शेहेचाळीस बैठका, बाजारभावाने साडेतीनशे, सोळा हजार शंभर. पंधरा हजारांच्या वर गेल्यामुळे मावशी 'कांस्य देणगीदार' श्रेणीत बसल्या. मी स्वतः प्रशस्तिपत्र लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

अडचण नियम नऊची होती. पूर्वी एका खजिनदाराच्या मेहुण्याने तीन खुर्च्या नेऊन भाड्याने दिल्या होत्या. तेव्हापासून असा नियम आहे की, देणगीदार किंवा त्याचा जवळचा नातेवाईक संस्थेचा लाभ घेऊ शकत नाही. मावशी आता देणगीदार होत्या. अक्का त्यांच्या सख्ख्या बहीण. यादीतलं तिसरं नाव मीच खोडलं. पट्टी लावून खोडलं, पण मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. दुरुस्ती सुचवावी असंही मनात आलं. पण नियमात दुरुस्ती करायला उपसमिती लागली असती.

प्रशस्तिपत्र आणि ही बातमी दोन्ही घेऊन मी दुकानात गेलो. मावशींनी सुई दातांत धरून सगळं ऐकून घेतलं. मागच्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, "काय म्हणतायत?"

"मी लई मोठी झालेय म्हणतायत," मावशी म्हणाल्या. "म्हणून तुला खुर्ची नाही."

"मग लहान हो की."

मावशींनी सुई काढून उशीला टोचली. "दादा, ते प्रतिष्ठानवाले पण देतातच ना? मग ते देणगीदार कसे नाहीत?"

हा प्रश्न मला फार आवडला. नऊ आठवड्यांत हा फरक माझ्याइतका कोणी समजून घेतला नव्हता. मी स्टुलावर बसून सविस्तर सांगितलं. देणगीदार देतो आणि जातो. आपण त्याचे आभार मानतो. अनुदान देणारा पत्र पाठवतो, वर नाव छापलेल्या कागदावर. काही वर्षांचं कबूल करतो, हप्ते पाडतो, अटी घालतो, आणि आपण त्याचं ऐकतो.

"अटी कसल्या?"

"कसल्याही. या प्रतिष्ठानाची एक अट आहे की, प्रत्येक खुर्चीची पाठ निळी हवी. का, ते विचारायचं नसतं."

"आणि तुम्ही रंगवता?"

"सगळ्या निळ्याच आहेत आता."

मावशींनी खणातून बिलांचं पुस्तक काढलं. मग त्यांनी विचारलं की वर नाव छापलेला म्हणजे दुकानाच्या बिलाचा कागद चालतो का. माझ्या माहितीप्रमाणे धोरणात कागदाच्या आकाराचा उल्लेख नव्हता, तसं मी सांगितलं.

सोमवारी पत्र आलं. वर छापलेलं, 'उसवलेले, फाटलेले, घट्ट झालेले कपडे नीट करून मिळतील.' खाली शिवणाच्या टाक्यांसारखं बारीक, सरळ अक्षर:

"आमच्या दुकानातर्फे संस्थेला साठ बैठकांचं अनुदान मंजूर करत आहोत. तीन वर्षं, वर्षाला वीस. आधीच्या शेहेचाळीस बैठका याच अनुदानाची पूर्वतयारी समजाव्यात. अटी पुढीलप्रमाणे. एक, सर्वांत आधी पुढची चाकं घ्यावीत. दोन, एक खुर्ची येत्या शुक्रवारपर्यंत खालील पत्त्यावर आणून द्यावी. बैठक टिकते का ते आमची बहीण बसून पाहील. तीन, दर तीन महिन्यांनी मिस्त्रीने येऊन चाकांना तेल द्यावं आणि काम कसं चाललंय ते सांगावं. तोंडी चालेल. चार, फोटो नको. पाच, पाठ कुठल्याही रंगाची चालेल."

उपसमितीची आठवी बैठक चार मिनिटं चालली. मॅडमनी पत्र उभं राहून वाचलं. "किती स्पष्ट लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मागच्या प्रतिष्ठानाच्या अटी अकरा पानांच्या होत्या." हिशेबनीसांनी बैठका बँकेत कशा जमा करायच्या असं विचारलं, पण जोर लावून विचारलं नाही. पूर्वतयारीचा अर्थ मी सांगितला: त्या शेहेचाळीस अनुदानात गेल्या, म्हणजे मावशी देणगीदार कधी नव्हत्याच, म्हणजे नियम नऊ लागूच होत नव्हता. मला वाटतं, बोलताना माझा आवाज जरा चढला होता.

"अनुदान आहे म्हटल्यावर अटी पाळाव्याच लागणार," अध्यक्ष म्हणाले. आमच्या संस्थेने आजवर एकाही अनुदानाची एकही अट नाकारलेली नाही, आणि ही परंपरा मोडायला ते तयार नव्हते.

राहिला पहिल्या अटीचा खर्च. प्रतिष्ठानाचा हप्ता अजून आला नव्हता, कारण न झालेल्या कामाचा प्रगती-अहवाल मॅडम अजून लिहीत होत्या. बाकीचा पैसा आपापल्या थर्मामीटरमध्ये अडकला होता. तेव्हा मिस्त्री दारातून म्हणाला, "डब्यात बघा ना."

मुद्दा क्रमांक सतरा बाजूला ठेवून कुलूप उघडलं. चार हजार सहाशे पंधरा निघाले, बहुतेक नाण्यांत. अठरा चाकांचे झाले चार हजार तीनशे वीस. मिस्त्री त्याच दुपारी चाकं घेऊन आला आणि शुक्रवार उजाडायच्या आत नऊच्या नऊ खुर्च्या उभ्या राहिल्या. (त्या नऊ आठवड्यांत रंगारी अकरा वेळा शिडीवर चढला. दर खेपेचे सहाशे, म्हणजे सहा हजार सहाशे. त्याची आगाऊ नोंद होती, त्यामुळे तो नवा खर्च धरला नाही.)

शुक्रवारी खुर्ची पोचवायला मीही गेलो. अक्कांना बसवलं. उंबऱ्याशी मिस्त्रीने फळी टाकली आणि खुर्ची गल्लीत उतरली. अक्का रस्त्याकडे बघत राहिल्या, मग दोन्ही हातांनी बैठक चाचपली.

"टाका तिरका आहे," त्या म्हणाल्या.

"बटणांचं दुकान बंद होईल," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची ढकलायला सुरुवात केली. अक्कांनी त्यांचे हात बाजूला सारले आणि चाकं स्वतः फिरवली. कोपऱ्यावरच्या दुकानात त्या पाऊण तास होत्या. तेवढ्या वेळात दुकानदाराने सतरा डबे खाली काढले. शेवटी त्यांनी सहा बटणं घेतली, साधी, पांढरी. मला हुंदका आला होता. मी तो खोकला म्हणून नोंदवला.

यादीवर आता बत्तीस नावं आहेत. मिस्त्रीकडे आणखी सात चौकटी आल्या आहेत आणि चौदा चाकं हवी आहेत. डब्यात परवापर्यंत दोनशे पंच्याण्णव होते, अधिक त्या वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांची रोजची दोन नाणी.

निधीचं मात्र तसं नाही, निधी उत्तम आहे. याचं श्रेय कलम अकराला. ते वाचकांना माहीत असणं आवश्यक आहे, कारण ते त्यांच्याविषयी आहे. आमच्या कामाची हकीगत जो शेवटपर्यंत वाचतो, आणि वाचताना ज्याच्या मनात एकदा तरी 'यांना काहीतरी द्यायला हवं' असं येतं, त्याची देणगी 'जमवलेल्या' निधीत त्याच दिवशी पूर्ण धरावी, असं ते कलम आहे. हिशेबनीसांनी विरोध केला; तीन विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला गेला. मनात येण्याची जागा बहुतेकांच्या बाबतीत बटणांच्या दुकानाजवळ असते, असं आमच्या पाहणीत दिसलं आहे.

तेव्हा तुमची रक्कम धरली आहे. रंगारी शिडीवर चढला आहे, आणि अध्यक्षांच्या खांद्यापर्यंत लाल आला आहे. देऊन झाल्यावर माणसाला जसं बरं वाटतं, तसं तुम्हाला आत्ता थोडं वाटतच असेल. तेही आम्ही मोजलं आहे. गेल्या खेपेला अशा धरलेल्या वाचकांपैकी किती जण पुढे खरोखर डब्यापर्यंत आले, तो आकडाही माझ्याकडे आहे. पण रंगारी म्हणतो, एवढी बारीक रेघ काढता येईल असा ब्रश त्याच्याकडे नाही.